बिनगिअरची आहे म्हणून सोळाव्या वर्षी चालते?

पत्र : माझी मुलगी नुकतीच सोळा वर्षांची झाली. अकरावीला आहे, सकाळचा क्लास लांब आहे, सोडायला-आणायला आम्हा दोघांनाही जमत नाही. घरात मिस्टरांची ११० सीसीची बिनगिअरची स्कूटर आहे. एजंट म्हणतो, "बिनगिअरचं लायसन सोळाव्या वर्षी मिळतं, पालकांची सही लागते फक्त." सासरे म्हणतात, "माझी जुनी लूना पडून आहे ती काढा, तिला कसलं आलंय लायसन!" दुकानदार म्हणतो, "बॅटरीची घ्या. नंबर नाही, लायसन नाही. स्पीड कमी वाटला तर वाढवून देतो." आणि मिस्टर म्हणतात, "एवढं काय मनावर घेतेस?" त्यांच्याकडे चारचाकीचं लायसन आहे, त्यावरच ते इतकी वर्षं स्कूटर चालवतात, कोणी अडवलेलं नाही. मी कोणाचं ऐकू? — गोंधळलेली आई

उत्तर :

ताई, चौघांनी चार सल्ले दिले आणि चौघांच्याही बोलण्यात थोडं थोडं तथ्य आहे. म्हणूनच तुमचा गोंधळ झालाय. सगळंच खोटं असतं तर तुम्ही केव्हाच झटकून टाकलं असतं.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका. आपण बोलताना स्कूटर, स्कूटी, मोपेड, बाइक असे शब्द वापरतो. परवाना द्यायचा की नाही हे ठरवताना कायदा यातला एकही शब्द विचारात घेत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या व्याख्येत दोन चाकांचं मोटार वाहन म्हणजे 'मोटार सायकल', मग ते पाय पुढे ठेवून चालवायचं असो की टाकी मांडीत धरून. परवान्यासाठी त्याचे दोन वर्ग पडतात : गिअर नसलेली आणि गिअर असलेली. जुन्या चेतकला डाव्या मुठीत चार गिअर होते. दिसायला अस्सल स्कूटर, पण परवान्याच्या हिशोबात ती गिअरच्या बाइकच्याच रांगेत बसायची.

तुमच्या आरसीवर वाहनाच्या वर्गापुढे 'मोटारसायकल/स्कूटर' किंवा 'मोपेड' असं छापलेलं दिसेल. ती नोंदणी खात्याची वर्गवारी. परवान्यासाठी तुम्हाला त्याच आरसीवरचे दुसरे रकाने बघायचे आहेत : इंजिनची क्षमता किती आणि इंधन कोणतं.

आता एजंटकडे वळू, कारण त्याचं अर्धसत्य सगळ्यांत घातक आहे.

कलम ४ सांगतं की सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन चालवायला वय १८ पूर्ण हवं. त्याला एक सवलत जोडलेली आहे : इंजिनची क्षमता ५० सीसीपेक्षा जास्त नसलेली मोटार सायकल १६ पूर्ण झालेल्याला चालवता येते. या सवलतीत गिअरचा शब्दसुद्धा नाही, आहे तो फक्त सीसीचा आकडा. मग 'बिनगिअरची' हा शब्द एजंटच्या तोंडी आला कुठून? तो आला कलम ७ मधून. तिथे म्हटलंय की अठराखालच्या व्यक्तीला बिनगिअरच्या मोटार सायकलचं शिकाऊ लायसन पालकाच्या लेखी संमतीशिवाय द्यायचं नाही. पालकांची सही तिथूनच आली. पण कलम ७ वयाची अट सैल करत नाही, उलट आणखी एक अट वाढवतं. दोन्ही कलमं एकत्र वाचली की अर्थ सरळ निघतो : सोळा ते अठरा या वयात बिनगिअरची, तीही ५० सीसीपर्यंतचीच, आणि वर पालकांची संमती. एजंट लोक यातलं मधलं वाक्य गाळतात. काही मुद्दाम गाळतात, काहींना खरोखरच माहीत नसतं.

तुमची घरची स्कूटर ११० सीसीची. म्हणजे मुलीला अठरा पूर्ण होईपर्यंत ती नाही. फक्त क्लासपुरती नाही, गल्लीच्या टोकापर्यंतसुद्धा नाही.

तुम्ही म्हणाल, मग ५० सीसीची नवी घेऊ. घ्याल कुठून? आज दुकानात पेट्रोलवरच्या ज्या स्कूटर मांडलेल्या असतात त्या १०० सीसीच्या पुढच्याच. ज्या गाडीला सगळे अजून मोपेड म्हणतात, ती टीव्हीएसची एक्सएल १०० सुद्धा जवळजवळ १०० सीसीची आहे. हा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला, तेव्हा रस्त्यावर ५० सीसीच्या मोपेड दिसत होत्या आणि सोळा वर्षांच्या मुलांना दिलेली सवलत अर्थपूर्ण होती. सवलत अजून कायद्यात आहे, गाड्या बाजारातून गेल्या. सोळाव्या वर्षाच्या त्या लायसनवर 'मोटार सायकल ५० सीसी' असा वेगळा वर्ग येतो. ते लायसन मिळतं हे खरं, पण ते घेऊन मुलगी घरच्या स्कूटरवर बसली तर कायद्याच्या नजरेत तिच्याकडे लायसन नाहीच.

खिशात लायसन आहे म्हणून मुलं बिनधास्त होतात, आणि पालक तर त्याहून. २०१९ ची दुरुस्ती नेमकी तुमच्यासारख्या घरांवर येऊन आदळते. त्यातल्या कलम १९९अ नुसार अल्पवयीन मुलाकडून गुन्हा घडला तर पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द. आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत ना शिकाऊ लायसन, ना पक्कं. पालकांना बचाव आहे, नाही असं नाही : आपल्याला माहीत नव्हतं किंवा आपण अडवायचा पुरेसा प्रयत्न केला, हे सिद्ध करता आलं पाहिजे. पण न्यायालय सुरुवात करतं ती तुमच्या संमतीनेच गाडी गेली असं धरून. आणि तुम्ही तर मला पत्रच लिहिलंय!

याच कलमात एक सुटका आहे : मुलाकडे लायसन असेल आणि ज्या वाहनाचं ते आहे तेच वाहन तो चालवत असेल, तर पालकांवरची ही जबाबदारी लागू होत नाही. एजंट याच सुटकेच्या भरवशावर तुम्हाला निर्धास्त करू पाहतोय. पण ५० सीसीचं लायसन आणि ११० सीसीची गाडी ही जोडी त्या सुटकेत बसत नाही. याशिवाय विनापरवाना किंवा वय नसताना चालवल्याबद्दल ५,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आणि तशा माणसाला गाडी देणाऱ्या मालकालाही तितकंच, कलम १८० खाली.

दंडाचे आकडे मी घाबरवायला सांगत नाही. दंड भरून विसरता येतो. विसरता येत नाही ते अपघाताचं. लायसन नसलेल्याच्या हातून समोरच्याला इजा झाली तर विमा कंपनी हात वर करू पाहते. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वर्ण सिंग यांच्या खटल्यात दिलेल्या निकालानंतर न्यायालयं बऱ्याचदा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतात, म्हणजे जखमी माणूस उघड्यावर पडत नाही. पण तीच रक्कम नंतर गाडीच्या मालकाकडून वसूल करायची मुभा कंपनीला मिळते. मालक म्हणजे तुमच्या घरी कोण, ते तुम्हाला माहीत आहे.

सासऱ्यांच्या लूनाबद्दल लिहिताना माझा हात जरा सैल सुटणार आहे, माफ करा. मी दुचाकी शिकलो ती लूनावरच. चढावर इंजिनाने दम सोडला की पॅडल मारत वर जायचं, आणि मागे बसलेल्या मित्राने उतरून ढकलायचं, हा त्या शिक्षणाचा भाग होता. १९७२ मध्ये ती आली. पॅडल असलेली, ५० सीसीची, सायकलची मोठी बहीण. मोपेड हा शब्दही मोटर आणि पेडल यांच्या जोडणीतून १९५२ च्या सुमारास स्वीडनमध्ये तयार झाला. पॅडल गेली, शब्द उरला.

पण "तिला कसलं आलंय लायसन" हे आबांचं म्हणणं चूक आहे. कायद्याने मोटार वाहनाच्या व्याख्येतून वगळलंय ते चारपेक्षा कमी चाकांचं आणि २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाचं वाहन. सायकलला जोडायची छोटी इंजिनं त्यात बसतात. लूना बसत नाही. ती ५० सीसीची असल्यामुळे मुलीला सोळाव्या वर्षी चालवता येईल, पण त्या वर्गाचं लायसन काढून, हेल्मेट घालून, विमा आणि पीयूसीसकट. शिवाय खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, आणि त्यासाठी गाडी आरटीओत नेऊन तपासून घ्यावी लागते. पडून राहिलेल्या लूनाचं हे सगळं झालेलं असेल असं वाटत नाही. आबांना आरसी बुक शोधायला सांगा. ते सापडलं, नोंदणी जिवंत करता आली, आणि त्यावर क्षमता खरोखर ५० किंवा त्याखाली असली, तर चौघांच्या सल्ल्यांतला हा एकच सल्ला कायद्यात बसवता येण्यासारखा पेट्रोलचा मार्ग आहे. त्या गाडीच्या ब्रेकवर मी माझ्या मुलीला पाठवीन का, हा वेगळा प्रश्न. नाही पाठवणार. आबांचा राग मी सोसेन.

आता बॅटरीवाली. इथे दुकानदाराचं पहिलं वाक्य खरं आणि दुसरं वाक्य त्या पहिल्याचा गळा घोटणारं.

केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे काही बॅटरीची दुचाकी वाहनं मोटार वाहन मानलीच जात नाहीत. मोटरची शक्ती (अर्धा तास सलग देता येईल अशी) पाव किलोवॉटपेक्षा, म्हणजे २५० वॉटपेक्षा कमी हवी. कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी हवा. बॅटरी वगळून वजन ६० किलोपेक्षा जास्त नको. ब्रेक नीट हवेत, पुढे पांढरा आणि मागे लाल परावर्तक हवा. या सगळ्या अटी एकत्र पाळल्या गेल्या पाहिजेत आणि त्या मॉडेलची एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त चाचणी संस्थेकडून तपासणी होऊन तसं प्रमाणपत्र मिळालेलं असलं पाहिजे. मग नोंदणी नाही, नंबर नाही, लायसन नाही, आणि म्हणून कलम ४ मधली वयाची अटही नाही. मुलगी अशी गाडी आज चालवू शकते.

दुकानात गेलात की त्या मॉडेलच्या प्रमाणपत्राची प्रत मागा. "सगळ्यांकडे असतं हो" हे उत्तर म्हणजे प्रत नव्हे. गाडीवर चिकटवलेल्या '२५० वॉट'च्या स्टिकरवर तर अजिबात विसंबू नका. स्टिकर छापायला फारसा खर्च येत नाही.

आणि तो "स्पीड वाढवून देतो"वाला प्रस्ताव. कंट्रोलरमधली मर्यादा काढली आणि गाडी ताशी ४० ने पळायला लागली की त्याच क्षणी ती मोटार वाहन होते. नोंदणी नसलेलं, विमा नसलेलं, आणि लायसन नसलेल्या अल्पवयीन मुलीने चालवलेलं मोटार वाहन. एका तारेच्या जोडणीने तुम्ही वर सांगितलेलं सगळं कलम १९९अ घरात बोलावता. वर वाहनात बेकायदा बदल केल्याबद्दल मालकाला वेगळी शिक्षा आहे, ती कलम १८२अ मध्ये. दुकानदार तेव्हा तुमच्या बाजूला उभा राहणार नाही. त्याने बिलावर 'वेगमर्यादा काढून दिली' असं लिहिलेलं नसतं.

मग जरा वेगवान बॅटरीची, हिरव्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत नंबर असलेली घेतली तर? ती पूर्ण अर्थाने मोटार सायकल, बिनगिअरची. सोळा वर्षांची सवलत सीसीत मोजलेली आहे आणि विजेच्या मोटरला सीसी नसतात, कारण सीसी म्हणजे सिलिंडरच्या पोकळीचं माप. तेव्हा तिथे १८ हेच वय धरा. युरोपात मोपेडच्या व्याख्येत ५० सीसी आणि ताशी ४५ किलोमीटरच्या जोडीला विजेच्या मोटरसाठी ४ किलोवॉटची मर्यादाही लिहून ठेवलीय, त्यामुळे तिथल्या पोरांचा प्रश्न सुटतो. आपल्याकडे कलम ४ मध्ये किलोवॉट आणायचे प्रस्ताव अधूनमधून बातम्यांत झळकतात. नातेवाईक ते कात्रण पाठवतील. प्रस्तावाच्या कात्रणावर गाडी चालवता येत नाही.

तर तुम्ही करायचं काय? माझं मत विचाराल तर पुढची दीड-दोन वर्षं सायकल किंवा प्रमाणित कमी वेगाची बॅटरी गाडी, यांपैकी एक. दुसरी घेतलीत तर हेल्मेटसकट. कायद्यातली हेल्मेटची सक्ती (चार वर्षांवरच्या प्रत्येकाला, मागे बसणाऱ्यालाही) मोटार सायकलसाठी लिहिलेली आहे, त्यामुळे या गाडीला ती लागू नाही असा वाद मुलगी तुमच्याशी घालेल. सोळाव्या वर्षी मुलांना कायदा फार छान कळतो. तुम्ही वादात पडू नका, हेल्मेट हातात द्या. डोकं ताशी २२ किलोमीटरने आपटलं तरी तेवढंच फुटतं. गाडीचा स्वतःचा तृतीय पक्ष विमा नसणार, हेही लक्षात असू द्या. म्हणजे कोणाला धडक बसली तर भरपाई थेट तुमच्या खिशातून.

५० सीसीचं लायसन आत्ता काढून ठेवावं का? लूना सुरू होणार असेल तरच. नाहीतर दोन वर्षं ते नुसतं मोहात पाडत राहील.

अठरा पूर्ण झाले की मात्र वेळ दवडू नका. शिकाऊ लायसनच्या परीक्षेत ६० टक्के उत्तरं बरोबर यावी लागतात. ते लायसन सहा महिने चालतं आणि मिळाल्यापासून ३० दिवसांनी पक्क्या लायसनची चाचणी देता येते. तेव्हा एक गोष्ट करा : शक्य असेल तर तिला गिअरच्या बाइकवर शिकवा आणि चाचणीही तिच्यावरच द्यायला लावा. गिअरचं लायसन असलेल्याला बिनगिअरची चालवता येते, उलटं चालत नाही. आज ती म्हणेल मला स्कूटरच हवी. पुढे कधी दुसऱ्या शहरात मैत्रिणीची बाइक हाती आली की तुमची आठवण काढेल.

दरम्यान शिकवायची घाई असेल तर कलम ४ 'सार्वजनिक ठिकाणी' म्हणतं, आणि जिथे लोकांना जायचा हक्क आहे ती सार्वजनिक जागा. चारी बाजूंनी बंद, स्वतःच्या मालकीचं आवार वेगळं. सोसायटीतल्या रस्त्याला मात्र घरचं अंगण समजू नका. तिथे येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळ असते आणि वाद झाला तर तो तुमच्या गळ्यात पडेल.

राहता राहिले तुमचे मिस्टर. ते वाक्य तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात, मी मात्र तिथेच थांबलो. चारचाकीच्या लायसनवर स्कूटर चालत नाही. हलकं मोटार वाहन हा वेगळा वर्ग, मोटार सायकल हा वेगळा. एका वर्गाचा परवाना दुसऱ्याला लागू होत नाही, मग चालवणारा कितीही जुना असो. त्यांचं कार्ड हातात घ्या आणि वर्गांचा रकाना बघा. 'एलएमव्ही' असं एकटंच असेल, जोडीला 'एमसीडब्ल्यूजी' (गिअरची मोटार सायकल) किंवा 'एमसीडब्ल्यूओजी' (बिनगिअरची) नसेल, तर इतकी वर्षं ते दुचाकीपुरते विनापरवानाच फिरतायत, आणि वर सांगितलेली विम्याची गोष्ट त्यांनाही जशीच्या तशी लागू आहे. कोणी अडवलं नाही हे खरं असेल, पण विम्याचा दावा तपासणारा माणूस अडवल्याशिवाय राहत नाही.

उपाय सोपा आहे. आधीच्या लायसनमध्ये नवा वर्ग जोडायचा. त्यासाठी त्यांनाही शिकाऊ लायसन काढावं लागेल, ३० दिवस थांबावं लागेल, चाचणी द्यावी लागेल. तोवर स्कूटरला पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' लावायचा आणि मागे शिकवणाऱ्या लायसनधारकाशिवाय कोणालाही डबलसीट घ्यायचं नाही. तुमचं दुचाकीचं लायसन असेल तर महिनाभर मागे तुम्ही बसा.